आयफोनमधला सॅमसंग
‘सॅमसंगवाले नुसत्या नकला करतात’ हे ॲपलभक्तांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या ज्यूरीनं ॲपलच्या आयफोनची नक्कल केल्याबद्दल सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली होती, ते मान्य. (पुढे ती रक्कम बरीच घटली आणि २०१८ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं.) पण कोर्टात एकमेकांच्या उरावर बसलेले हेच दोघे धंद्यात गळ्यात गळे घालून होते. सुरुवातीच्या आयफोनचे प्रोसेसर सॅमसंगच्याच कारखान्यात बनले आणि २०१७ च्या आयफोन टेनचा ओलेड डिस्प्लेही त्यांचाच. म्हणजे तो आयफोन विकला गेला की सॅमसंगच्याही गल्ल्यात पैसे पडायचे!

सॅमसंगभक्तांनीही फार हसू नये. २०१६ मध्ये ॲपलनं हेडफोन जॅक काढला तेव्हा सॅमसंगनं टर उडवली, आणि २०१९ च्या आपल्या नोट टेन फोनमधून तो यांनीही काढला. चार्जरचं त्याहून भारी. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलनं आयफोनच्या बॉक्समधून चार्जर काढला, तेव्हा ‘आमच्याकडे बॉक्समध्येच मिळतो’ अशी पोस्ट टाकून सॅमसंगनं टिमकी वाजवली आणि जानेवारीत त्यांचाच एस २१ फोन आला तो चार्जरविनाच. जुनी पोस्टही गुपचूप पुसली.

मी मोटोरोला वापरतो, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवलीय.