मदत हवी आहे: पडवीतल्या पॉवर पॉइंटवर गाडी चार्ज करते, मार्चपासून लाल दिवा येतोय

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात राहते, नोकरी पणजीला. जाऊन-येऊन रोज साधारण 60 किलोमीटर. गेल्या जुलैत 24 किलोवॉट-अवर बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, घेतला नाही. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर पडवीतल्या 15 अँपिअरच्या पॉइंटला लावते.

पावसाळाभर काही तक्रार नव्हती. मार्च लागला आणि चार्जरवर लाल दिवा यायला लागला. पुस्तिकेत त्याचा अर्थ अर्थिंगमध्ये दोष असा दिलाय. प्लग काढून परत लावला की कधी सुरू होतं, कधी नाही.

त्यात गेल्या मंगळवारी पहाटे उठले तर पडवीत जळक्या प्लॅस्टिकचा वास. प्लगला हात लावला, चटकाच बसला. उपसून पाहिलं तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या रंगाचं झालेलं आणि सॉकेटच्या त्या भोकाची कड वितळून आत वळलेली. त्या भिंतीपलीकडे आई झोपते. वर लाकडी वासे, मंगलोरी कौलं, माळ्यावर नारळाची सोडणं भरलेली. तेव्हापासून घरी गाडी लावायची माझी हिंमत होत नाही. पणजीतल्या फास्ट चार्जरवर भरून येते, त्यात संध्याकाळ जाते.

आमचे वायरमन काका येऊन बघून गेले. बाबांच्या वेळेपासून तेच येतात, मनाने फार चांगले. ते म्हणाले, सॉकेटच्या आत न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली वायर) एका तुकड्याने जोडून देतो, लाल दिवा कायमचा जाईल. पलीकडच्या वाड्यावर एकाने तसंच केलंय म्हणे, आणि त्याची गाडी व्यवस्थित चार्ज होते. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे काकांना सांगता येईना. सध्या थांबा म्हटलंय.

घराचं वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरचं. पडवीचा पॉइंट न्हाणीघरातल्या गिझरच्या लाइनवरून काढलेला, मीटरपासून अंदाजे 25 मीटर. अर्थिंगचा खड्डा विहिरीकडे आहे, पण तो कुणी उघडून पाहिल्याचं आईला आठवत नाही. असं जोडून घेणं धोक्याचं आहे का? तोच दोष पावसाळ्यात का दिसला नाही? आणि साध्या पॉइंटवर रोज चार्ज करणं मुळातच चुकीचं आहे, की आमच्याच घरात काही बिघडलंय? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

फोंड्याहून प्रतिसाद:

ताई, ते जोडकाम अजिबात करू देऊ नका. थांबवलंत ते फार बरं केलंत. पलीकडच्या वाड्यावरच्या माणसालाही आजच निरोप द्या.

कारण असं. गाडीचा पत्रा चार्जरच्या अर्थ वायरीला जोडलेला असतो. पावसात फांदी पडून खांबाकडून येणारी न्यूट्रल तुटली, आणि हे आपल्याकडे नवं नाही, तर घरात चालू असलेल्या दिव्यातून, फ्रिजमधून फेज, म्हणजे जिवंत वीज, मागच्या वाटेने न्यूट्रलच्या वायरीत येतो. तिथून तो तुकडा त्याला सरळ गाडीच्या पत्र्यावर नेऊन सोडतो. चार्जर बंद पडला तरी अर्थची वायर तुटत नाही, ती गाडीला जोडलेलीच राहते. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून कुणी दाराला हात लावला तर काय होईल ते सांगायला नको. चार्जर तुम्हाला खरं तेच सांगतोय. दिवा विझवला म्हणून दोष जात नाही.

मार्चचं कारण जमिनीत आहे. आपल्याकडचा चिरा, म्हणजे जांभा दगड, पावसात पाणी धरतो, तेव्हा जुनं अर्थिंगसुद्धा चालून जातं. उन्हाळ्यात तोच थर कोरडाठाक होतो, खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि चार्जर नकार देतो. नवा खड्डा अशा ठिकाणी घ्या जिथे ओल टिकते. न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडलेलं असेल तर त्याच्या बाजूला. मोजणी अर्थ टेस्टरने करायची, 5 ओहमच्या आत हवी, आणि ती मे महिन्यात करा. जुलैतला आकडा तुम्हाला फसवेल.

आता प्लगचं. गिझर 2 किलोवॉटचा असला तरी पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढा किंवा दीडपट भार सात-आठ तास ओढते. सॉकेटची पकड सैल होऊन स्पर्शाच्या जागी 0.1 ओहम जरी अडथळा आला, तरी 13 अँपिअरला तिथे 17 वॅट उष्णता होते, अंगठ्याएवढ्या जागेत, रात्रभर. तुमची जुनी वायर 1.5 चौरस मिलिमीटरची असेल तर 25 मीटर जाऊन-येऊन 50 मीटर, सुमारे 0.6 ओहम. म्हणजे आणखी 100 वॅट वाटेत, तुमच्या वाशांजवळ. लाकडी पट्टीवर कुठे जुना सांधा असेल तर तो आधी शोधा.

साधा पॉइंट चुकीचा नाही, उसनी लाइन चुकीची. मेन बोर्डापासून थेट तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर ओढा, त्यावर गाडीशिवाय काही नको. 16 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ए टाइप मागून घ्या) आणि चांगला जड सॉकेट. पुढे 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स घ्यायचा विचार असेल तर आत्ताच 6 ची वायर ओढा, भिंत दोनदा फोडावी लागणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कधीच नको.

पर्वरीहून प्रतिसाद:

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. तुम्हाला रोज पूर्ण बॅटरी भरायचीच नाही. 60 किलोमीटरला साधारण 7-8 युनिट लागतात. 10 अँपिअरवरही 2.3 किलोवॉट मिळतात, म्हणजे साडेतीन तासांत काम झालं. गाडीत किंवा चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर 10 वरच ठेवा, उष्णता करंटच्या वर्गाने उतरते. वेगळं मीटर लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. फक्त जुन्या घराचा मंजूर लोड कमी असेल तर वीज खात्यात अर्ज करून वाढवून घ्या.

मूळ लेखिका, तीन आठवड्यांनी:

दोघांचेही मनापासून आभार. मी हा धागा काकांना वाचून दाखवला. न्यूट्रल तुटण्याचं वाचल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, आणि संध्याकाळी स्वतः पलीकडच्या वाड्यावर जाऊन तो तुकडा काढून आले. विहिरीकडचा खड्डा उकरला तर पाइप गंजून हातात मोडला. दाराच्या चौकटीवर टेपने गुंडाळलेला एक सांधा सापडला, कोळशासारखा काळा, लाकडाला चिकटलेला. नवं अर्थिंग माडाच्या आळ्याजवळ घेतलं, टेस्टरवर 3.8 ओहम आले. नवी लाइनही काकांनीच ओढली. पहिल्या रात्री दोनदा उठून प्लग चाचपला, जेमतेम कोमट होता. करंट 10 वर ठेवलाय.

एकच विचारायचं राहिलं. ऑक्टोबरात आमच्याकडे संध्याकाळी विजा फार कडाडतात. तेव्हा गाडी लावलेली चालेल का?

फोंड्याहून प्रतिसाद:

आभाळ भरून आलं की आधीच काढून ठेवा. आधी एमसीबी पाडायचा, मग प्लग उपसायचा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावायला जाऊ नका. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (लाइनवरून अचानक येणारा जादा दाब जमिनीत सोडणारं यंत्र) बसवायला काकांना सांगा, अर्थिंग आता चांगलं आहे म्हणून त्याचा उपयोग होईल. आणि पडवीत झड येत असेल तर सॉकेट झाकणाचा घ्या, जमिनीपासून कंबरेएवढा उंच.