ग्रामपंचायतीला उभे राहायचे आहे: प्रचार कसा करावा आणि निवडून आल्यावर काय सांभाळावे?

बचतगट_खजिनदार

नमस्कार. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात राहते. महिला बचत गटाचे हिशेब माझ्याकडे असतात आणि गावच्या मराठी शाळेच्या एसडीएमसीवरही (शाळेच्या विकास व देखरेख समितीवर) मी आहे. येत्या ग्रामपंचायत निवडणुकीत मी उभे राहावे, असा गटातील बायकांचा आग्रह आहे. घरच्यांची हरकत नाही, मात्र खर्च करण्याची आमची ऐपत नाही आणि जेवणावळी घातल्याशिवाय मते मिळत नाहीत असे गावातली जुनी मंडळी सांगतात. गावात महाराष्ट्र एकीकरण समितीला मानणारे आहेत, दोन्ही राष्ट्रीय पक्षांचे आहेत आणि आमच्या भावकीतच दोन तट आहेत. मला कन्नड बोलता येते, सावकाश वाचताही येते, परंतु सरकारी कागदातील कन्नड नीट उमगत नाही. अशा परिस्थितीत प्रचाराची सुरुवात कुठून करावी आणि निवडून आलेच तर पहिल्या वर्षात कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावे.

माजी_सदस्य_खानापूर

ताई, आपण उभ्या राहा. बचत गटाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईवर गावाचा जो विश्वास असतो तो पैशाने विकत मिळत नाही, आणि पंचायतीला आज त्याच गुणाची सर्वांत जास्त गरज आहे.

सुरुवात मतदारयादीपासून करावी. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार तयार होते, त्यामुळे तिथे नाव नसेल तर इथेही नसते. यादी हाती आली की कन्नड सफाईने वाचणारा एखादा मुलगा आणि गावातील प्रत्येक घराची नातीगोती ठाऊक असलेली एक वडीलधारी बाई, अशा दोघांना शेजारी बसवून घर-घर वाचून काढावी. वारलेल्यांची नावे, लग्न होऊन गेलेल्या मुली, नव्याने आलेल्या सुना, कन्नड लिपीत चुकीची छापलेली आडनावे आणि कामानिमित्त गोव्यात किंवा पुण्यात असलेले तरुण, हे सारे त्या बैठकीत बाहेर येते. नवीन नावासाठी सहा नंबरचा अर्ज आणि दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी आठ नंबरचा अर्ज लागतो. २०२२ पासून अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून कोणाचा अर्ज मागे ठेवू नये. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून यात फारसे काही साधत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या मतदानाच्या पद्धतीची आहे आणि माझ्या मते तीच आपल्यासारख्या उमेदवाराला तारणारी आहे. कर्नाटकात बहुतेक प्रभागांतून एकाहून अधिक सदस्य निवडले जातात आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असतात. पहिले मत माणूस भावकीला, पक्षाला किंवा उपकाराला देतो. ते मागायला गेल्यास वाद होतो आणि घराघरांत कटुता येते. उरलेली मते मात्र मोकळी असतात. ‘तुमच्या माणसाला तुम्ही मत द्याच, त्यात मी पडत नाही, पण त्यातले एक मत मला द्या,’ असे सांगणाऱ्या बाईला विरोधी तटाच्या अंगणातही बसायला पाट मिळतो. आपल्या भावकीतल्या दोन तटांवरही हाच उपाय आहे. काही जण आपल्या समर्थकांना ‘एकच शिक्का मारा, बाकी मते वाया जाऊ द्या’ असे शिकवतात. ते घर कोणते, हे आपल्याला आधीच माहीत असले म्हणजे मतांचा अंदाज चुकत नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही आणि मोकळ्या चिन्हांतून मिळालेले चिन्ह मतदानाच्या थोडेच दिवस आधी कळते. म्हणून चिन्ह मिळेपर्यंत स्वतःचे नाव आणि काम लोकांसमोर ठेवावे आणि चिन्ह मिळाल्यावर फक्त तेच शिकवावे. २०२० साली बीदर जिल्हा सोडला तर राज्यभर कागदी मतपत्रिकेवर मतदान झाले होते. मतपत्रिका असेल तर शिक्का रेषेवर पडू नये, जागांपेक्षा जास्त शिक्के मारू नयेत आणि घडी घालताना शाई दुसऱ्या रकान्यात उमटू नये, हे वयस्क बायकांना घरी बसून समजावणे फार मोलाचे असते, कारण पाच-दहा मतांनी निकाल फिरणाऱ्या प्रभागात बाद मते तेवढीच निघतात. मतमोजणीला मोठ्या आवाजाचा माणूस न पाठवता रात्रीपर्यंत न कंटाळता प्रत्येक मतपत्रिका पाहणारा माणूस प्रतिनिधी म्हणून द्यावा.

घरभेटीची वेळ गावाच्या कामावर ठरवावी. मागच्या वेळी मतदान २२ आणि २७ डिसेंबरला होते, म्हणजे सुगीचे दिवस. दुपारी घराला कुलूप असते आणि माणसे खळ्यावर मळणीत असतात. डेअरीला दूध घातल्यानंतरचा संध्याकाळचा तास आणि उद्यमबागच्या कारखान्यांतील पहिली पाळी सुटून माणसे घरी येण्याची वेळ, या दोन वेळा धराव्यात. हातात बचत गटाचीच एखादी वही असू द्यावी. त्यात घर, मतदारांची संख्या, त्या घराने सांगितलेली अडचण आणि आपण दिलेले उत्तर, इतकेच लिहावे. गटारीचे पाणी दारात येते असे जिने सांगितले, तिला ‘करून देते’ असे वचन न देता ‘वॉर्डसभेत लिहून घेते’ असे सांगावे आणि त्याच वेळी वहीत नोंदवावे. निवडून आल्यावर हीच वही आपला कामांचा आराखडा होते.

जेवणावळीबद्दल माझे मत ठाम आहे: घालू नका. मतासाठी खर्च केलेला पैसा पुढे कामाच्या बिलातून वसूल होतो, हे गावाला कळते आणि नंतर रस्त्याच्या खडीवर बोलण्याचा अधिकार आपला आपणच घालवून बसतो. देवळासाठी रक्कम बोलून जागा बिनविरोध करून घेण्याचे प्रकारही २०२० साली राज्यात बातम्यांत आले होते. तसा प्रस्ताव कोणी आणला तर पंचांसमोर नम्रपणे आणि स्पष्टपणे नकार द्यावा, कारण तो मताधिकाराचा लिलाव आहे आणि बेकायदेशीर आहे.

वकील_बेळगाव

सीमाभागातील प्रत्येक उमेदवाराने एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भाषेच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने असा निर्णय दिला की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या भाषेचे आवाहनही त्यात येते. त्याआधी १९६४ साली जगदेवसिंह सिद्धांती खटल्यात याच न्यायालयाने भाषेच्या जतनासाठी काम करण्याचे आश्वासन देणे हा भ्रष्ट आचार नाही, असे म्हटले होते. ही कलमे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांची आहेत, परंतु पंचायतीच्या प्रचारातही हीच मर्यादा पाळावी असा माझा सल्ला आहे. ‘मी मराठी, म्हणून मला मत द्या’ असे म्हणू नये. ‘मराठी शाळेत शिक्षक मिळावा म्हणून पाठपुरावा करीन’ असे अवश्य म्हणावे. दुसरे वाक्य कायद्याला धरून आहे आणि मतदाराच्या अधिक उपयोगाचेही आहे.

निवृत्त_कारकून

प्रचाराबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी केवळ निवडून आल्यानंतरच्या कामाबद्दल लिहितो. पंचायतीत सदस्याचे बळ बोलण्यात फार थोडे आणि इतिवृत्तात फार मोठे असते. सभेत आपण अर्धा तास पोटतिडकीने बोललात आणि ठरावात ते आले नाही, तर सरकारदरबारी आपण बोललातच नाही. त्यामुळे सभेची नोटीस आली की विषयपत्रिका वाचून घ्यावी, आपला विषय आधीच लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, सभा संपल्यावर आपले म्हणणे कोणत्या शब्दांत लिहिले गेले ते पाहूनच सही करावी, आणि कोऱ्या पानावर सही करण्याचा आग्रह झाला तर तो कितीही आपुलकीने होत असला तरी मानू नये.

ठराव, इतिवृत्त आणि संगणकातील नोंदी कन्नडमध्ये असतात. आपल्याला सावकाश वाचता येते, एवढी शिदोरी पुरेशी आहे. पंचायतीत पुन्हा पुन्हा येणारे शब्द फार नाहीत. मागच्या काही सभांची इतिवृत्ते एखाद्या शिक्षकाजवळ बसून वाचलीत तर काही महिन्यांत सरकारी कन्नडची भीती जाईल. मराठी माणसाने कन्नड कागद वाचायला शिकणे म्हणजे मराठीचा हक्क सोडणे, असे काही जण मानतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण न वाचलेल्या कागदाने आजवर सर्वांत जास्त नुकसान मराठी गावांचेच केले आहे.

पैशाचे नियम प्रथमच समजून घ्यावेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील होती आणि ४० टक्के रक्कमच गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी होती. पुढील काळाचे प्रमाण पंचायत विकास अधिकारी म्हणजे पीडीओंकडून विचारून घ्यावे. कोणता पैसा कुठे वापरता येत नाही हे ज्या सदस्याला ठाऊक असते, त्याच्याकडून खोटी आश्वासने दिली जात नाहीत. घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली अप्रिय असली तरी तिला पाठिंबा द्यावा, कारण वॉटरमनचा पगार थकला की पहिली ओरड सदस्याच्याच दारात होते. बेळगाव शहरालगतच्या पंचायतींत प्लॉटचे व्यवहार वाढले आहेत, त्यामुळे ई-स्वत्तूचे (गावातील मालमत्तांच्या संगणकीय नोंदीचे) नऊ आणि अकरा नंबरचे उतारे हा रोजचा विषय असतो. त्यात कोणासाठीही शब्द टाकू नये. अर्ज कधी आला आणि कुठे अडला, एवढेच विचारावे. तितक्यानेही सामान्य माणसाचे काम पुढे सरकते.

वॉर्डसभा आणि ग्रामसभा नावापुरत्या उरू देऊ नयेत. घरकुलाचे लाभार्थी तिथे ठरायचे असतात. यादी आधी वाचून दाखवावी, आक्षेप तिथेच लिहून घ्यावेत, आणि स्वतःच्या भावकीतील नाव असेल तर ते सर्वांत आधी चर्चेला ठेवावे. हे एकदा केलेत की पाच वर्षे आपल्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

येळ्ळूरकर

कारकून काकांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, परंतु भाषेचा प्रश्न केवळ कन्नड शिकून सुटतो असा समज होऊ नये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते आणि अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याबद्दल आहे. शाळेसाठी निवेदन मराठीत द्यावे, सोबत कन्नड प्रत जोडावी आणि दोन्हींवर पोच घ्यावी. नाकारायला कारणच उरत नाही.

राजकीय धडा म्हणाल तर तो आपल्या डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ साली दोन आमदार निवडून आले, २०१८ आणि २०२३ साली एकही आला नाही. तरीही २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते मिळाली होती. त्याच वर्षी महापालिकेच्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. २०१८ साली समितीच्याच गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे केले होते. मते होती आणि निष्ठाही होती, परंतु अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंत एक नाव ठरत नव्हते, याची आम्हा कार्यकर्त्यांना आजही वेदना आहे. ताई, आपल्या प्रभागातही समविचारी लोकांनी अर्ज भरण्याआधीच एकत्र बसून जागांइतकीच नावे ठरवावीत.

बचतगट_खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. यादीचे काम या रविवारीच सुरू करते. एक शंका राहिली. अध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघाले आणि माझे नाव पुढे आले तर स्वीकारावे का? आमच्या शेजारच्या एका पंचायतीत अध्यक्ष बाई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात.

निवृत्त_कारकून

स्वीकारावे, ताई, परंतु दोन अटी स्वतःला घालून घ्याव्यात. अध्यक्षाची मुदत ३० महिन्यांची असते आणि निवड सदस्यांतूनच होते, त्यामुळे निवडीआधी सदस्यांना सहलीला नेऊन ठेवण्याचे प्रकार चालतात. त्या गाडीत बसू नये. ज्यांची मते हवी आहेत त्यांच्या घरी जाऊन, पंचायतीच्या सामाजिक न्याय समितीपासून पाण्याच्या वाटपापर्यंत काय करणार ते सांगून पाठिंबा मागावा.

दुसरी अट डिजिटल सहीच्या किल्लीची, म्हणजे सहीसाठी संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणाची आहे. पंचायतीचे पैसे अध्यक्ष आणि पीडीओ या दोघांच्या सहीने निघतात, आणि अनेक ठिकाणी अध्यक्षांची किल्ली सोयीसाठी कार्यालयातील कपाटात किंवा यजमानांच्या खिशात असते. ती स्वतःजवळ ठेवावी, पासवर्ड कोणालाही सांगू नये, आणि आठवड्यातील दोन वार ठरवून कार्यालयात बसून, बिल, मोजमाप पुस्तक आणि कामाचा फोटो समोर घेऊन मगच सही करावी. यजमानांना सोबत यायचे असेल तर त्यांनी बाहेरच्या बाकावर बसावे. हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर, शांतपणे आणि त्यांचा मान राखून ठरवलेत तर पुढे कोणी तो विषय काढत नाही.