आधी भरती-ओहोटी बघा
किनाऱ्यावरच्या पायवाटांसाठी पहाटेच निघावं, असं या चर्चेत बऱ्याच जणांनी सुचवलंय. उन्हाचा विचार केला तर बरोबरच आहे. पण खाडीकाठी किंवा खारफुटीत जायचं असेल तर मी आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी सकाळी मिळालेली ओहोटी पुढच्या रविवारी त्याच वेळी मिळत नाही.

पक्षी बघायचे असतील तर पाणी चढायला लागल्यावर काठाशी शांत बसा. ओहोटीत लांबवर चिखलात पांगलेले तुतारी आणि चिखले हे किनाऱ्यावरचे पक्षी पाण्याबरोबर जवळ सरकत येतात. थवा मात्र उठवू नका हो, हजारो किलोमीटर उडून आलेल्या या पाखरांना चरायला मोजकेच तास मिळतात.

ओहोटीची मजा वेगळीच. तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाच्या, बुंध्याभोवती पेन्सिलीएवढी श्वसनमुळं चिखलातून ताठ उभी असतात आणि त्यांच्यामध्ये एखादा नर खेकडा आपली एकच भलीमोठी नांगी हलवत असतो. ही मुळं पायाखाली मोडतात, म्हणून आखलेली वाट सोडू नका.

आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कड्याखालून जाणारी वाट टाळाच, परतीचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो.