मदत हवी आहे: लेकीच्या संधिवाताच्या फॉर्ममध्ये कुणाचा आकडा लिहायचा?

आम्ही इंदूरला असतो. मुलगी नऊ वर्षांची, जेआयए (लहान मुलांचा संधिवात) आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या औषधाचं इंजेक्शन. तपासणीला गेलं की सीएचएक्यू फॉर्म, म्हणजे मुलांना रोजची कामं किती जमतात त्याची प्रश्नावली, भरावी लागते. मागच्या आठवड्यात बटणं लावणं, उठणं, चालणं किती जमलं, त्याला 0 (सहज जमलं) ते 3 (जमलंच नाही) असा आकडा द्यायचा. पण सकाळी बोटं आखडतात, बटण लागत नाही आणि दुपारी तीच सायकल चालवते! मग बटणांपुढे काय लिहू? किती दुखतं ते दाखवायच्या 0 ते 10 च्या रेघेवर मी 6 धरते, ती 2 म्हणते. इंजेक्शन वाढेल ही तिला धास्ती. रोजची वही ठेवून पाहिली, फरक राहतोच. दवाखान्यात म्हणाले, अंदाजे लिहा. औषध ठरवताना हे आकडे बघतात, म्हणून अंदाज नको वाटतो. पुढची तपासणी सोमवारी आहे. तुम्ही मुलाचा आणि स्वतःचा आकडा वेगवेगळा लिहून देता का, आणि सकाळ-दुपारचा फरक फॉर्ममध्ये कुठे नोंदवता?