स्नॅपशॉट रोज घेतो, मग बॅकअपला वेगळा खर्च कशाला? मालकांना काय सांगू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सांगलीत हळदीच्या एका अडत पेढीत संगणकाचं सगळं मीच बघतो. सर्व्हर एकच, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशिनवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), २ टीबीच्या दोन एसएसडी झेडएफएस या फाइल सिस्टमच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, दोन: विंडोजवर हिशेबाचं सॉफ्टवेअर, उबुंटूवर फायली. रोज रात्री ११ ला स्क्रिप्ट स्नॅपशॉट घेते, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवते, शेवटचे सात ठेवते.

गेल्या सोमवारी अपडेट मारताना हिशेबाचा डेटा बिघडला. रात्रीच्या स्नॅपशॉटवर मागे गेलो, मिनिटभरात काम सुरू. सकाळच्या चार पावत्या तेवढ्या पुन्हा माराव्या लागल्या. मालक खूश. आता म्हणतात, "हे एवढं झक्कास चालतंय, मग बॅकअपच्या मशिनला पैसे कशाला?" मला धड उत्तर देता आलं नाही.

निळापडदा:
स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. शंभरदा सांगून झालंय इथे.

कृष्णाकाठ:
दादा, हेच वाक्य मालकांपुढे टाकलं होतं. "का नव्हे?" म्हणाले.

रात्रपाळी:
मालक अडतीचे आहेत ना, मग वहीखात्यातच सांगा. व्हीएमवेअरमध्ये (प्रॉक्समॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क, म्हणजे खतावणी, कुलूपबंद होते. पुढच्या नोंदी कच्च्या वहीत. मागे जायचं तर कच्ची वही फाडून टाकायची, म्हणून ते झटपट होतं. पण खतावणीच जळाली तर कच्च्या वहीचं काय करणार? तुमच्या झेडएफएसमध्ये कच्ची वही नसते. नवी नोंद कोऱ्या पानावर होते आणि स्नॅपशॉट जुनी पानं फाडू देत नाही. वही मात्र तीच. मिररचा इथे उपयोग नाही, एका डिस्कवर खोडलं की दुसरीवरही खोडलं जातं. आणि तुम्ही सात ठेवलेत खरे, पण झेडएफएसवर प्रॉक्समॉक्स शेवटच्याच स्नॅपशॉटवर मागे जाऊ देतं. गुरुवारच्यावर जायचं तर त्यानंतरचे सगळे आधी पुसा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका गिऱ्हाईकाकडे पॅच मारण्याआधी स्नॅपशॉट घेतला आणि विसरलो. ७२ तासांवर ठेवू नका असं व्हीएमवेअर स्वतः सांगतं, माझा सात आठवडे राहिला. डेल्टा फाइल, म्हणजे ती कच्ची वही, फुगत गेली, डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) भरला आणि शुक्रवारी संध्याकाळी एकेक व्हीएम थांबली. स्नॅपशॉट मिटवायचा म्हणजे ती कच्ची वही खतावणीत उतरवायची. पहाटे चारपर्यंत तेच चाललं. त्या रात्री घरात केळवण होतं, ते मला अजून ऐकवलं जातं.

बाकी सांगलीकरांना २०१९ च्या ऑगस्टचा महापूर मी काय सांगणार? सर्व्हर तळमजल्यावर असेल तर सातही स्नॅपशॉट पाण्यात.

जुन्या डेस्कटॉपमध्ये ४ टीबीची डिस्क घाला, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका, मशिन मालकांच्या घरी वरच्या मजल्यावर ठेवा. पहिला बॅकअप मात्र पेढीतच घ्या, घरच्या नेटवरून सगळा ढीग ढकलत बसू नका. नंतर बदललेले तुकडेच जातात. पेढीच्या सर्व्हरला तिथे बॅकअप टाकायचाच अधिकार द्या, पुसायचा नको. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड चोराच्या हाती लागला तर स्नॅपशॉट एका कमांडमध्ये उडतील, बॅकअप उडता कामा नये. एन्क्रिप्शन लावलंत तर चावीची प्रत सर्व्हरबाहेर ठेवा.

कृष्णाकाठ:
एक शंका. बॅकअपच्या खिडकीतही 'स्नॅपशॉट' मोड दिसतो. म्हणजे परत तेच का?

निळापडदा:
नाही. नावाचा घोळ आहे. चालू व्हीएम बंद न करता बॅकअप काढायची ती पद्धत. प्रत वेगळीच तयार होते. विंडोजमध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) टाका, म्हणजे बॅकअप सुरू होताना फाइल सिस्टम क्षणभर गोठवता येते. नाहीतर मिळणारी प्रत मशिनची वायर उपटल्यासारखी.

रात्रपाळी:
बरोबर. अपडेटआधी स्नॅपशॉट जरूर घ्या, दोन दिवसांत पुसा. आणि रिस्टोअर करून बघितल्याशिवाय मशिन पेढीतून हलवू नका.

कृष्णाकाठ:
केलं. १८० जीबीची व्हीएम नव्या आयडीवर, नेटवर्क काढून, रिस्टोअर केली. पाऊण तास लागला. हिशेब उघडला, कालच्या शेवटच्या पावतीसकट. मालक शेजारीच उभे होते. "घरी वर कुठं टेबल रिकामं आहे बघतो," म्हणाले.