मदत हवी आहे: परदेशी खरेदीदारांना पहिला ईमेल पाठवताना ‘नको’ म्हणण्याची सोय कशी द्यावी?

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी निर्यातीचे काम पाहते. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचे कास्टिंग आम्ही मशीनिंग करून देतो. आजवरचे परदेशी ग्राहक प्रदर्शनांतून आणि जुन्या ओळखींतून मिळाले. आता अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील खरेदी अधिकाऱ्यांना थेट ईमेल पाठवायचे ठरले आहे आणि त्यासाठी एका एजन्सीने दिलेला आराखडा माझ्यासमोर आहे.

हा आराखडा मला पटत नाही. आमच्या नावाशी मिळत्याजुळत्या दुसऱ्याच डोमेनवरून ईमेल जाणार, जुना पत्रव्यवहार चालू असल्याचे भासावे म्हणून विषयाच्या आधी ‘रि:’ लावणार, आणि ‘पुन्हा पाठवू नका’ असे कळवण्याची सोय मुद्दामच ठेवणार नाहीत, कारण ती दिसली की ईमेल जाहिरातीसारखा वाटतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्त्यांची यादी विकत घ्यायची असून ती मूळ कुठून जमवली, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. अनोळखी माणसाशी व्यवहाराची सुरुवातच अशा आडपडद्याने करणे मला अयोग्य वाटते.

माझ्या वाचनानुसार अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा पूर्वसंमतीशिवाय ईमेल पाठवू देतो. मात्र विषय दिशाभूल करणारा नसावा, पाठवणाऱ्याचा खरा टपालपत्ता द्यावा, आणि कोणी नकार कळवल्यास तो कामकाजाच्या १० दिवसांत अमलात आणावा, अशा त्याच्या अटी आहेत. व्यावसायिकाने व्यावसायिकाला पाठवलेल्या ईमेलला त्यात सूट नाही आणि ईमेलची संख्या कमी असली तरी तो लागू होतो. एजन्सी मात्र हा कायदा लाखोंनी ईमेल पाठवणाऱ्यांसाठीच आहे असे सांगते. आपल्याकडे नकोसे कॉल आणि एसएमएस थांबवण्यासाठी १९०९ या दूरध्वनी क्रमांकाची सोय आहे, ईमेलसाठी तशी नाही, म्हणूनही कदाचित हा विषय कुणी गांभीर्याने घेत नसावे.

ईमेलच्या शेवटी घालण्यासाठी मी पुढील मजकूर योजला आहे: ‘आपला पत्ता आम्ही आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरील पुरवठादारांसाठीच्या पानावरून घेतला आहे. आमचे ईमेल नको असल्यास उत्तरात तेवढेच कळवावे, आम्ही पुन्हा लिहिणार नाही.’ त्याखाली कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि माझे नाव राहील. एवढे पुरेसे आहे का, की लिंक द्यावीच लागेल? शिवाय ‘माझी सगळी माहिती पुसून टाका’ असे कोणी कळवले आणि आम्ही ती खरोखरच पुसली, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या यादीतून तोच पत्ता आमच्याकडे येईल आणि त्यांना पुन्हा ईमेल जाईल. हे कसे टाळावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, अमेरिकेपुरते उत्तरातून नकार घेणे चालते, लिंकची सक्ती नाही. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून एका क्लिकमध्ये नकार देण्याची सोय बंधनकारक केली, ती त्यांच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना. तुमचा आकडा तिथवर जाणार नाही.

खरी गफलत पुढे होते. नकाराचे उत्तर एकाच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे दुसरे, तिसरे स्मरणपत्र पाठवत राहते. त्यामुळे नकार आला की त्याच दिवशी तो पत्ता सर्व मोहिमांतून बाद करण्याचे काम एका नेमक्या माणसाकडे द्या, आणि एजन्सीकडे आलेले नकारही रोज तुमच्याकडे पोहोचतील हे करारातच लिहून घ्या.

माहिती पुसण्याबाबत: फक्त ईमेल पत्ता आणि नकाराची तारीख एवढेच एका वेगळ्या यादीत ठेवा, बाकी सगळे पुसा आणि तसे त्या व्यक्तीला कळवा. ब्रिटनची माहिती-संरक्षण नियामक संस्थाही अशीच यादी ठेवायला सांगते. कोणतीही नवी यादी आली की आधी या यादीशी ताडून पाहा, मगच वापरा.

जर्मनी मात्र या योजनेतून काढा. तिथल्या अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या कलम ७ नुसार कंपन्यांना जाहिरातीचा ईमेल पाठवण्यासाठीही आधी स्पष्ट संमती लागते. तळाशी कितीही प्रामाणिक मजकूर लिहिला तरी तिची उणीव भरून निघत नाही. तिथे छापील पत्र टपालाने पाठवा किंवा प्रदर्शनात भेटा. ब्रिटनमध्ये कंपन्यांना संमतीविना ईमेल पाठवता येतो, पण एकल व्यावसायिक आणि काही भागीदारी संस्था यांना तिथे व्यक्तींसारखेच संरक्षण आहे, म्हणून यादीत त्या वेगळ्या काढाव्या लागतील. शिवाय नाव-आडनाव असलेला कार्यालयीन पत्ताही वैयक्तिक माहितीच ठरतो. तो कुठून मिळवला हे उशिरात उशिरा पहिल्या संपर्कात सांगावे लागते. विकतच्या यादीबद्दल तुमचे ते पहिले वाक्य तुम्हाला खरेपणाने लिहिता येणार नाही. ती यादी नाकारायला एवढे कारण पुरे आहे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. जर्मनी वगळते आणि विकतच्या यादीला आजच नकार कळवते. एक शंका उरते: एका खरेदी अधिकाऱ्याने नकार दिल्यास त्याच कंपनीतील दुसऱ्या अधिकाऱ्याला लिहावे का, की तो नकार संपूर्ण कंपनीचा मानावा? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, परंतु अनेक कारखाने असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आपण काय करता, हे जाणून घ्यायला आवडेल.