जोशुआ ट्री: रोपं लावून भागणार नाही

रोपं लावली की अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातली जोशुआ ट्री, म्हणजे युक्का वंशातली ही झाडं, वाचतील, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. या झाडाचं परागीभवन फक्त युक्का पतंग करतात. पश्चिमेकडच्या झाडांसाठी पतंगाची एक जात, पूर्वेकडच्या झाडांसाठी दुसरी. मादी तोंडाजवळच्या खास अवयवांनी परागकण गोळा करते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि मग ते पराग कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या फुलाच्या टोकावर, चक्क दाबून बसवते. हे अपघाताने होत नाही, ती ते मुद्दाम करते! अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. युक्काच्या काही जातींमध्ये अंडी जास्त झाली तर झाड ते फूलच गाळून टाकतं. हिशोब चोख आहे.

अळ्या नंतर जमिनीत कोष करून राहतात, कधी वर्षाहून जास्त काळ. त्यामुळे माती तुडवली गेली की पतंगही जातात. शिवाय परदेशी गवतामुळे वणवे पसरतात. २०२०मध्ये मोहावीत लागलेल्या ‘डोम’ नावाच्या आगीत दहा लाखांहून जास्त झाडं गेल्याचा अंदाज आहे. कॅलिफोर्नियाने २०२३मध्ये पश्चिमी जोशुआ ट्रीसाठी कायदा केला, चांगलंच झालं. पण तिथे झाडं मोजताना पतंगही मोजायला हवेत. फुलं भरपूर आणि फळंच नाहीत, असं दिसलं तर आधी पतंग शोधा.